आमचे आतोबा आणि बिजलीचा बिल्ला

त्या काळच्या नाशकात ज्याला चाक आहे आणि ज्याला आमच्या आतोबांनी एकदाही दंड केलेला नाही, अशी एक वस्तू मला कुणी दाखवून द्यावी. मी आजही पैजेला तयार आहे. टांगे, छकडे, बैलगाड्या, सायकली, केळीवाल्यांचे हातगाडे, आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मोटारी, सगळ्यांना त्यांच्या चिठ्ठीचा प्रसाद मिळालेला होता. सुटली असेल तर एकच खुर्ची. एका पेन्शनर मामलेदारांना पक्षाघातानंतर चाकांच्या खुर्चीत बसवून गोदावरीवर हवा खायला नेत असत. या खुर्चीला परवान्याचा बिल्ला लागतो की नाही याबद्दल आतोबांनी वर लेखी विचारणा केली होती. उत्तर येईपर्यंत ते खुर्चीच्या वाटेला गेले नाहीत, आणि उत्तर येण्याआधी मामलेदार बरे होऊन आपल्या पायांनी चालू लागले. आतोबांना मनापासून आनंद झाला. पण तो प्रश्न तसाच राहिला, याची रुखरुख त्यांना पुढे बरीच वर्षं होती.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. म्युनिसिपालिटीत ते गाड्यांचे इन्स्पेक्टर होते. टांग्यांना दर सहा महिन्यांनी तपासून बिल्ला द्यायचा, सायकलींचे बिल्ले पाहायचे, गाड्या रस्त्यात भलत्या जागी उभ्या राहणार नाहीत हे बघायचं आणि चुकेल त्याच्या हातात दंडाची चिठ्ठी द्यायची, एवढं त्यांचं काम. अंगात गळाबंद खाकी कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी, गळ्यात लाल दोरीला शिट्टी, एका खिशात मोजायची टेप आणि दुसऱ्या खिशात चिठ्ठ्यांचं पुस्तक. अंगानं इतके किडकिडीत की शिट्टी फुंकताना वाटायचं, सगळी हवा या माणसातून निघून गेली तर उरेल काय? सन तीसच्या आगेमागे मी सटाण्याहून नाशकाला एका शाळेत मास्तर म्हणून आलो आणि आत्याकडे राहू लागलो. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिनं पहिल्याच रात्री मला पुरणपोळी वाढली, आणि आतोबांनी आग्रह करकरून तीनाच्या चार खायला लावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलीवरून शाळेला निघालो, तर रविवार कारंजाच्या वळणावर शिट्टी वाजली. उतरलो. समोर आतोबा.

"आपलं नाव?" त्यांनी विचारलं.

घरी मला अरे-तुरे करणारा हा माणूस रस्त्यात एकदम अहो-जाहोवर आला, तेव्हा मला वाटलं थट्टा चालली आहे. पण पुस्तक उघडलेलं होतं आणि पेन्सिल जिभेला लागलेली होती. सटाण्याला सायकलीला बिल्ला लागत नसे, नाशकात लागे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्यांनी सांगायचं त्यांच्याच पंगतीला मी तीन दिवस जेवत होतो. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. ते त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं नाव, पण त्यांनी ते अगदी नव्यानं ऐकल्यासारखं, ऱ्हस्वदीर्घ विचारून लिहून घेतलं. मग म्हणाले, मुक्काम? मी म्हटलं, तुमच्याच घरी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'हल्ली मुक्काम, इन्स्पेक्टरचे घरी.' चिठ्ठी माझ्या हातात देऊन त्यांनी नमस्कार केला. दंड केल्यावर नमस्कार करायचा, ही त्यांची पद्धत होती. संध्याकाळी घरी आल्यावर मला म्हणाले, "अरे, बिल्ला काढला का? उद्या मीच ऑफिसात घेऊन जातो तुला." आत्याला हे कळलं तेव्हा तिच्या तोंडी एकदम बागलाणातली बोली आली. रागावली की तिला माहेर आठवायचं. "हाई काय शे?" असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला, आणि आतोबांच्या ताटात त्या रात्री फक्त पिठलं पडलं. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. शिक्षेबद्दल त्यांची कधीच तक्रार नसे. फक्त ती नियमात बसणारी असावी.

त्यांच्या चिठ्ठ्या वाचण्यासारख्या असत. नुसता आकडा टाकून मोकळं होणं त्यांना जमायचं नाही. 'सदरहू टांगा उजव्या चाकाने रेषेच्या बाहेर दीड वीत उभा असून घोड्याचे तोंड रस्त्यास अर्धे आडवे आले होते. टांगेवाल्यास विचारता तो पान आणावयास गेला होता व परत आल्यावर त्याने दिलगिरी दर्शविली, सबब दंड कमीत कमी.' अक्षर मोत्यासारखं. भद्रकालीच्या टांगा स्टँडवर बहुतेकांना लिहितावाचता येत नसे, म्हणून ते चिठ्ठी घेऊन जवळच्या किराणा दुकानदाराकडे जात, आणि दुकानदार ती मोठ्यानं वाचून दाखवी. ऐकायला माणसं जमत. आपल्या चिठ्ठीत दिलगिरीचा उल्लेख आला नाही म्हणून एक टांगेवाला दुसऱ्या दिवशी भांडायला आला होता. आतोबांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि पुस्तकातल्या स्थळप्रतीवर तशी दुरुस्ती केली.

स्टँडवरची ती रेषा हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विषय होता. ती ते रोज सकाळी स्वतः आखत. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात काथ्याचा कुंचला, आणि टोकांना दगड बांधून ताणलेली सुताची दोरी. पावसाळ्यात रेषा दुपारपर्यंत वाहून जायची, मग दुपारी पुन्हा. कधीकधी एखादी गाय येऊन नेमकी रेषेवर बसायची. गायीला चाकं नसल्यामुळे ती त्यांच्या अखत्यारीत येत नसे. ती कोंडवाड्याच्या इन्स्पेक्टराची, आणि त्यांचं आणि आतोबांचं बोलणं बंद होतं. अशा वेळी आतोबा गायीच्या कडेकडेनं रेषा काढत. गाय उठून गेल्यावर रस्त्यावर गायीएवढा फुगवटा राहायचा, आणि टांगेवाले इमानेइतबारे त्या फुगवट्यातही आपली चाकं आत ठेवायचे.

श्रीमंताला सोडायचं आणि गरिबाला धरायचं, हा आरोप मात्र त्यांच्यावर त्यांच्या शत्रूनंही केला नसता. एकदा एका सावकाराच्या मुलाची वरात मेन रोडवरून निघाली होती. मोटार फुलांनी इतकी मढवलेली की पुढची नंबरपाटी माळांखाली गडप. आतोबांनी शिट्टी वाजवली. ती बँडला ऐकू जाईना, म्हणून ते बँडमास्तरच्या शेजारी जाऊन त्याच्याच तालावर शिट्टी फुंकत राहिले. अखेर सगळं थांबलं. त्यांनी माळा एकेक करून, फूल न चुरगाळता उतरवल्या, त्या धरायला नवरदेवाच्याच हातात दिल्या आणि नंबर उतरवून घेतला. चिठ्ठी लिहून होईपर्यंत वरातीतल्या बायका मोटारीभोवती गोळा होऊन बघत होत्या. मग त्यांनी नवरदेवाला नमस्कार केला आणि म्हणाले, "संसार सुखाचा होवो. मागची पाटीही अर्धी झाकली आहे, ती आज धरली नाही."

स्वतःलाही ते सोडत नसत, आणि खरा त्रास त्याचाच होता. सटाण्याला माझ्या धाकट्या भावाची मुंज होती, तेव्हा आत्या आणि ते मनमाडची गाडी धरायला टांग्यानं नाशिक रोडला निघाले. टांगेवाल्याखेरीज तीन माणसं, असा नियम. हे दोघं आणि आणखी एक गृहस्थ, असे तिघं बसलेले. वाटेत टांगेवाल्यानं आपल्या ओळखीचा चौथा घेतला. आतोबा लगेच उतरले. त्यांना पाहून आत्या उतरली, आणि ओशाळून तो चौथाही उतरला. रस्त्याच्या कडेनं वैशाखाच्या उन्हात आतोबा पुढं, त्यांच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली आत्या, आणि शेजारून अर्धा रिकामा टांगा पावलापावलानं चाललेला, टांगेवाला हात जोडून सांगतो आहे की साहेब बसा, आता तीनच आहेत. आतोबांचं म्हणणं, गुन्हा घडून गेला, आता बसलो तर गुन्ह्यातला वाटेकरी. गाडी चुकली. मुंज लागून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते पोचले. आत्या ही गोष्ट पुढे कुणालाही सांगताना शेवटी एवढंच म्हणायची, "स्वारी चालली, म्हणून मी चालले. पण मुंजीतले लाडू मात्र मी नंतर मागून घेतले."

आता या माणसाविषयी एक गोष्ट सांगितली तर खोटी वाटेल, पण ती खरी आहे: टांग्यांच्या या इन्स्पेक्टराला घोड्याची भयंकर भीती वाटत असे. लहानपणी वणीच्या यात्रेत एका घोड्यानं त्यांच्या दंडाला चावा घेतला होता. त्याचा वण ते दाखवत नसत, पण घोडा फुरफुरला की हात आपोआप त्या दंडावर जायचा. चाकं, धुऱ्या, साज, सगळं ते बारकाईनं पाहत, पण घोड्याच्या बाजूला आले की टेपऐवजी लांब काठी निघायची. काठीच्या टोकानं ते घोड्याचा पाय दाखवत आणि टांगेवाल्याला तो उचलून धरायला सांगत. स्टँडवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिथल्या लोकांची एक रीत होती. आतोबा आले की प्रत्येक जण आपल्या घोड्याच्या तोंडाशी जाऊन लगाम धरून उभा राही, जणू काही ती शिस्तच आहे. त्यावरून कुणी त्यांना कधी चिडवल्याचं मी ऐकलं नाही.

स्टँडवरचे सगळ्यांत जुने टांगेवाले उस्मानभाई. साठीच्या घरातले, मेंदी लावलेली दाढी, आवाज मऊ. त्यांच्या घोडीचं नाव बिजली. बिजलीनं हे नाव कुठल्या पराक्रमावर मिळवलं होतं कुणास ठाऊक. मी पाहिली तेव्हा ती पंचवटीहून निघाली तर व्हिक्टोरिया पुलावरच्या प्रत्येक भिकाऱ्याशी दोन शब्द बोलून येत असावी, इतक्या सावकाश यायची. उस्मानभाईंना आतोबांचा दंड आठवड्याला एकदा तरी व्हायचा, कारण बिजलीला रेषेच्या आत उभं राहायला आवडत नसे. ते चिठ्ठी कपाळाला लावून खिशात ठेवत. एका दिवाळीच्या आधीच्या तपासणीत बिजली पुढच्या उजव्या पायानं लंगडताना दिसली. खांद्यालाही साज घासून जखम झालेली. आतोबांनी ती तीनदा पुढे-मागे चालवून पाहिली, आणि बिल्ला काढून घेतला. घोडी बरी होईपर्यंत टांगा बंद. त्याच दिवशी त्यांनी आणखी एका मालकाचा घोडाही नापास केला. या गृहस्थाचे तीन टांगे भाड्यानं चालत. त्यानं आधी हसून, मग डोळे मोठे करून पाहिलं, पण आतोबांनी चिठ्ठी लिहून नमस्कार केला.

उस्मानभाईंनी टांग्याची घोडी सोडली. तिला घेऊन ते निघाले, चार पावलं जाऊन परत आले आणि म्हणाले, "साहेब, पंधरा दिवसांनी माझ्या नजमाची शादी हाय. जावई मालेगावचा, मागावर लुगडी विणणारा. स्टेशनवरून त्याला माझ्या टांग्यात, माझ्या बिजलीच्या मागं बसवून आणायचं, असं लय दिवसांचं मनात होतं. आता दुसऱ्याच्या टांग्यातून आणीन. तुमचं बरोबर हाय. घोडी दुखती हे मलाच दिसायला पायजे होतं."

त्या रात्री आतोबा जेवले नाहीत. आत्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सगळी हकिकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले की नियम मोडता येत नाही आणि लग्न पुढं ढकलता येत नाही. आत्यानं त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मग घोडी बरी करा की." इतका सोपा उपाय त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. गावात आत्याच्या औषधांचं नाव होतं. मुरगळलेला पाय, सुजलेला गुडघा, गळू, तिच्याकडे सगळ्यावर काहीतरी असायचंच. माणसाला चालतं ते घोडीला का चालणार नाही, असं म्हणून तिनं कडुनिंबाचा पाला उकळला, हळद तेलात शिजवली आणि शेकायला मिठाची पुरचुंडी करून दिली. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आतोबा ते सगळं घेऊन भद्रकालीच्या मागच्या बोळात उस्मानभाईंच्या तबेल्याकडे निघाले. सोबतीला मी. सोबत कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी ते दारात उभे राहिले आणि आतल्या उस्मानभाईंना सूचना करत राहिले. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधून त्यांनी ती दोन हात अंतरावरून बिजलीच्या पायाला लावून पाहिली. बिजलीनं मान वळवून काठीकडे बघितलं, मग काठीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाकडे बघितलं आणि एक मोठा निःश्वास सोडला. तिसऱ्या दिवशी उस्मानभाईंना दम लागला होता, ते खाली बसले. पाणी कोमट होतं, ते गार झालं असतं. आतोबांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, डोळे मिटले आणि हात पुढे केला. तो हात बिजलीच्या खांद्याला लागला तेव्हा मी त्यांचं तोंड पाहत होतो. थंड पाण्यात उडी मारून वर आलेल्या माणसाचं जसं असतं, तसं. त्या दिवसापासून शेकण्याचं काम त्यांचं. आठव्या दिवशी ते घोडीशी बोलायला लागले. घरी आत्याशी ते एवढं बोलत नसत.

आणि मग तो अर्ज आला. निनावी. इन्स्पेक्टर रोज संध्याकाळी अमुक टांगेवाल्याच्या तबेल्यात जाऊन तासभर बसतात, तिथं चहा पितात, आणि लंगडी घोडी पास करण्याचा सौदा ठरला आहे. तो तीन टांग्यांच्या त्या मालकानं लिहिला हे सगळ्या गावाला कळलं, तरी पुरावा नव्हता. चीफ ऑफिसर सरळ मनाचे होते, पण अर्ज आला की चौकशी करणं भाग. चौकशी होईपर्यंत आतोबा सस्पेंड. त्यांनी शिट्टी, टेप आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक टेबलावर ठेवून रीतसर पोच घेतली आणि घरी आले. कोट खुंटीला लावला आणि झोपाळ्यावर बसून राहिले. चाकाला तेल द्यायचं म्हणून त्यांनी आमच्या विहिरीच्या रहाटाला तेल दिलं, शेजाऱ्यांच्या पांगुळगाड्याला दिलं, आणि मग घरात चाकच उरलं नाही. संध्याकाळी मी पुरचुंडी घेऊन उभा राहिलो तरी ते उठेनात. आता तिकडे जाणं शोभणार नाही, म्हणाले.

आत्या आतून बाहेर आली. "सस्पेंड इन्स्पेक्टर झाला आहे, तुम्ही नाही," ती म्हणाली. "आणि घोडीला काय माहीत तुम्ही सस्पेंड झालात ते?"

ते उठले. टोपी घातली आणि निघाले. भर बाजारातून, ज्यांनी अर्जाविषयी ऐकलं होतं त्या सगळ्यांच्या देखत, हातात हळदीचं भांडं घेऊन.

चौकशी लग्नाच्या दोन दिवस आधी झाली. म्युनिसिपालिटीच्या सभागृहात मागच्या बाकावर मी बसलो होतो. चीफ ऑफिसरनी अर्ज वाचला आणि विचारलं, तुम्ही रोज तिथे जात होता का? आतोबा म्हणाले, हो. चहा प्यालात का? आतोबा म्हणाले, हो, चार वेळा. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला नाही. त्या दिवसांत आमच्यातल्या माणसानं उस्मानभाईंच्या घरचा चहा प्यालो हे भरसभेत सांगणं, लाच घेतल्याच्या कबुलीइतकंच अवघड होतं. बाकावरची दोन-तीन पागोटी एकमेकांकडे वळलीच. पुढं घरी आत्यानं यावर फक्त एवढंच विचारलं, की साखर बेताची होती ना.

"घोडी बरी करणं हे इन्स्पेक्टरचं काम आहे का?" चीफ ऑफिसरनी विचारलं.

"नाही."

"मग का गेलात?"

आतोबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "बिल्ला मी काढून घेतला, ते नियमात होतं. पण त्या माणसाला जावई आपल्या टांग्यातून आणायचा होता. हे नियमात कुठं बसेना. म्हणून ऑफिस सुटल्यावर गेलो."

उस्मानभाईंना बोलावलं. ते आत आले, त्यांनी सलाम केला आणि बंडीच्या आतून सुतळीनं बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. गठ्ठा वीतभर जाड होता. म्हणाले, "साहेब, ह्या सगळ्या यांनी दिलेल्या. सगळ्या भरल्या मी. आता तुम्हीच सांगा, लाच दिली असती तर दंड कशाला भरला असता? दंड बी द्यायचा आणि लाच बी द्यायची, इतका खुळा मी दिसतो का?"

चीफ ऑफिसरनी वरची चिठ्ठी उचलून वाचायला घेतली. मग दुसरी. तिसऱ्या चिठ्ठीला ते हसले. त्यात बिजलीचा स्वभाव दोन ओळींत वर्णन केलेला होता. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज निकालात काढला. हुकूम झाला की इन्स्पेक्टरनी उद्यापासून कामावर हजर व्हावं.

आम्ही पायऱ्या उतरून बाहेर आलो, तर रस्ता बंद. निकाल काय लागतो ते ऐकायला सगळं स्टँड तिथं आलं होतं. वीस-बावीस टांगे, एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, दोन तर म्युनिसिपालिटीच्या दारातच आडवे. आतोबांचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. ते तसेच थांबले, सगळ्या टांग्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि म्हणाले, "हुकूम उद्यापासून आहे." एवढा मोठा हशा मी त्या रस्त्यावर पुन्हा ऐकला नाही. लोकांनी त्यांना एका टांग्यात बसवलं, मला बसवलं, उस्मानभाईंना बसवलं, आणि वर आणखी एक जण चढला. आतोबांनी मोजलं, ते मला दिसलं. ओठ आवळून ते घरापर्यंत तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट, शिट्टी, टेप, आणि तपासणीच्या मैदानात बिजली. मला वाटलं होतं, आता नुसता उपचार असेल. तसं झालं नाही. त्यांनी तिला चालवली, दुडकी पळवली, पुन्हा चालवली. काठी आणलीच नव्हती. गुडघ्यावर बसून त्यांनी पाय स्वतः हातात घेतला, खांद्याची नवी कातडी बोटानं दाबून पाहिली. उस्मानभाई लगाम धरून उभे. आतोबांच्या कपाळावर घाम होता, आणि तो भीतीचा नव्हता. घोडी नापास झाली असती तर त्यांनी ती नापास केली असती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी ते उठले, धोतराची माती झटकली आणि बिल्ला काढून उस्मानभाईंच्या हातात दिला. साज मात्र खांद्याशी कापड गुंडाळून लावायचा, असं दोनदा बजावलं.

जावई आला. आतोबा कारंजावर आपल्या नेहमीच्या जागी उभे होते. मालेगावची मंडळी पाच-सहा टांग्यांत होती आणि पुढं उस्मानभाई, डोक्याला नवा फेटा, बिजलीच्या कपाळावर जरीचा तुरा. कुणी शिट्टी वाजवली नव्हती तरी त्यांनी आपण होऊन टांगा थांबवला आणि म्हणाले, "मोजून घ्या साहेब." आतोबांनी मोजलं. नवरदेव, त्याचे वडील, एक म्हातारे चुलते, आणि चुलत्यांच्या मांडीवर झोपलेली एक पोर. ते त्या पोरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, मांडीवरचं मूल धरत नाहीत. पुढं जाऊन त्यांनी बिजलीच्या मानेवर दोनदा थोपटलं, नवरदेवाला नमस्कार केला आणि बाजूला झाले. बिजली निघाली. आपल्या चालीनं, जराही घाई न करता.

पुढं मी खानदेशात नोकरीला गेलो. वर्षातून एकदा दिवाळीला नाशकाला येणं व्हायचं. येईन तेव्हा स्टँडवर टांगे आधीपेक्षा कमी दिसत. स्टेशनवरून मोटारी भरून जायच्या, माणसांना घाई झाली होती. बिजली म्हातारी झाली, तेव्हा उस्मानभाईंनी तिला वणीकडे एका नातेवाइकाच्या मळ्यावर ठेवली आणि टांगा विकून टाकला. आतोबा त्याच सुमारास रिटायर झाले. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे समोरचं धूसर दिसायचं. आत्यानं सांगितलं, संध्याकाळी ते घाटावर जाऊन बसतात, सोबतीला उस्मानभाई असतात, काळजी नाही. मी एके दिवशी त्यांना आणायला गेलो. दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसले होते, बोलत नव्हते. मी विचारलं, रोज काय बोलता तुम्ही? आतोबांनी जरा आठवून पाहिलं. "विशेष काही नाही," ते म्हणाले. "बरं वाटतं."

उजेड कमी होत आला तसे आम्ही निघालो. मी मुद्दाम चार पावलं मागं राहिलो. पुलाच्या तोंडाशी रस्ता ओलांडायचा होता, आणि स्टेशनची मोटार येत होती. उस्मानभाईंनी आतोबांचा कोपर धरला. मोटार गेली, तिच्या मागची धूळ दोघांच्या अंगावर आली. ती खाली बसेपर्यंत ते उभे राहिले, आणि मग सावकाश रस्ता ओलांडून गेले.